तलावातही रोवणी करावी लागते

गेल्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर एक फोटो फिरला. आपल्याच भागातला तलाव, मधोमध पिवळा जेसीबी, पाळीवर पांढऱ्या कपड्यातली आठ-दहा माणसं, फोडलेला नारळ, आणि खाली ओळ: "तलावाचे पुनरुज्जीवन". पाच मिनिटांत पन्नास अंगठे. मीही असे अंगठे भरपूर दिले आहेत, म्हणून कोणाला हसत नाही. पण त्या फोटोत जे चाललं आहे ते पुनरुज्जीवन नाही, खोदकाम आहे. दोन्हींत फरक आहे आणि तो आपल्या लक्षात येत नाही, याचंच मला जास्त वाईट वाटतं. कारण आपण धान पिकवणारी माणसं. दुसऱ्या कोणाला नाही समजलं तरी आपल्याला समजायला पाहिजे.

समजा तुम्ही बांधी नांगरली, चिखल केला, पाणी भरलं आणि रोवणी न करता घरी येऊन बसलात. दिवाळीला काय कापाल? बांधीत उगवेल ते गवत. तलावाचं तेच आहे. नुसतं उपसून पाणी भरलं तर तलाव भरतो, जगत नाही. तलावातही रोवणी करावी लागते. आणि ती करणारे हात आपल्या दोन जिल्ह्यांत अजून आहेत. त्यांना कोणी विचारत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

आधी आमचीच चूक सांगतो, म्हणजे बाकी बोलायला तोंड राहील.

चार वर्षांपूर्वी आम्ही गावातल्या पंधरा-वीस पोरांनी तलाव साफ करायचा ठरवला. गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही, ब्रह्मपुरी-नागभीड पट्ट्यातल्या कोणत्याही गावाचं नाव घाला, चालेल. तीन रविवार श्रमदान केलं. काठावरची बेशरम कापली, पाण्यातलं सगळं हिरवं ओढून बाहेर काढलं, ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या भरल्या. पाणी आरशासारखं दिसायला लागलं. पाळीच्या आतल्या बाजूला, जिथे पावसाळ्यात गुडघाभर पाणी येतं तिथे, खड्डे करून गुलमोहर आणि करंज लावले. फोटो काढले. पेपरात चार ओळी आल्या.

चौथ्या दिवशी ढीवर मोहल्ल्यातली एक मावशी पाळीवर भेटली. तिनं ट्रॉलीतून पडलेली एक लांब वेल हातात धरली होती. म्हणाली, "बाबू, हे उपटाले कोनं सांगतलं जी तुमाले? हे घान नोहे. याच्यात झिंगे राह्यते. तुमी तं आमचा बाजार उपटून फेकला."

मला तेव्हा राग आला होता, खोटं कशाला बोलू. तीन रविवार घाम गाळला आणि वर हे ऐकायचं. पुढच्या पावसाळ्यात कळलं. त्या वर्षी पाणी गढूळच राहिलं, निवळलंच नाही. झिंगे आले नाहीत. कापलेली बेशरम मात्र दुपटीने फुटली, कारण ती खोडापासून कापली होती, मुळासकट काढली नव्हती, आणि जे तुकडे काठावर पडले त्या प्रत्येकाला मुळं फुटली. गुलमोहर पाण्यात कुजले. जे ठेवायचं ते आम्ही काढलं, जे काढायचं ते वाढवलं, आणि जिथे झाड नको तिथे झाड लावलं. श्रमदान शंभर टक्के, अक्कल शून्य.

म्हणून आता नीट सांगतो. पाण्यातलं सगळं हिरवं एकसारखं नसतं. जलपर्णी, जिला आपण इकॉर्निया म्हणतो, ती दक्षिण अमेरिकेतून आलेली. पाण्यावर चादर अंथरते आणि खालचा उजेड बंद करते. बेशरम हीही अमेरिकेकडची. जनावर तिला सहसा तोंड लावत नाही आणि खाल्लीच तर विषबाधा होते. ही काढायलाच पाहिजेत, मुळासकट, पाणी आटल्यावर, पावसाच्या आधी. पण हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, सेरॅटोफायलम ही पाण्याच्या आत राहणारी वनस्पती, पानं वर तरंगवणारी कुमुदिनी आणि कमळ, काठाच्या चिखलात उभं राहणारं लव्हाळ्याच्या जातीचं गवत, देवधान: ही इथली आहेत. आत राहणारी पाण्याला प्राणवायू देतात. गाळ धरून ठेवतात, म्हणून पाणी निवळतं. पानांवर जो बुळबुळीत थर असतो त्यावर झिंगे आणि लहान मासोळी जगते. गावठी मासे पानांना अंडी चिकटवतात, मरळ तर गवतात जागा करून पिलं सांभाळते. कमळपक्षी तरंगत्या पानावरच अंडी घालतो. आणि कमळाच्या ढेसाची भाजी तुमच्या आजीनं केलीच असेल.

हे मी पुस्तकात वाचून आलो असं समजू नका. अर्धं त्या मावशीनं शिकवलं, अर्धं गोंदिया-भंडाऱ्याच्या लोकांनी.

तिकडे अर्जुनी मोरगाव भागात मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ बरीच वर्षं हेच काम करतात, आणि ते ढीवर समाजाच्या मच्छीमार संस्थांना आणि बायांना सोबत घेऊन करतात. सुरुवात त्यांनी जेसीबीनं नाही केली. म्हाताऱ्या ढीवरांना विचारलं की आधी या तलावात काय काय होतं, कोणती वनस्पती, कोणता मासा, कोणतं पाखरू, आणि आता काय उरलं. मग उन्हाळ्यात आटलेल्या पेट्यातली बेशरम मुळासकट काढली. निवडलेल्या जागी जमीन नांगरली. पाणी आलं की जिथे देशी वनस्पती टिकून होती अशा तलावांतून तिची रोपं आणून हातानं लावली. लावणाऱ्या बाया कोण? ज्या आयुष्यभर धानाची रोवणी करत आल्या त्याच. कमरेत वाकून, एका हातात जुडी, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं चिखलात खोचायचं. वेगळं प्रशिक्षण काय द्यायचं त्यांना?

तिथे पाखरं परत आली, गावठी मासे परत आले. कौतुक पुष्कळ झालं त्यांचं. पण कौतुक करून आपल्याकडे काय बदललं? गोंदियाहून चंद्रपूर काही सातासमुद्रापार नाही. तेच तलाव, तेच ढीवर, तेच कोहळी, तेच धान.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडा इतिहास. पूर्व विदर्भातल्या पाच जिल्ह्यांत, नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून, सरकारी हिशोबानं ६,८६२ माजी मालगुजारी तलाव आहेत. मामा तलाव म्हणतात ते हेच. यातले पुष्कळ गोंड राजवटीतले, कोहळी लोकांनी बांधलेले. घोडाझरी आणि आसोलामेंढासारखे मोठे तलाव इंग्रजांच्या काळातले, ते वेगळे. चांद्याच्या गोंड राजांची पद्धत अशी होती की जो तलाव बांधेल त्याला त्या तलावानं भिजणारी जमीन सनदेनं द्यायची. त्या देणगीला तुकूम म्हणत. चंद्रपुरात तुकूम नावाची वस्ती आहे, तिथे राहणाऱ्या कितीजणांना माहीत आहे की आपण तलाव बांधणाऱ्याच्या बक्षिसाच्या नावावर राहतो? म्हणजे आपल्याकडे जमीन तलावामागून आली. आज तलावाच्या मागे लेआउट येतात.

१९५० साली, आपण तेव्हा मध्य प्रदेशात होतो, मालकी हक्क नष्ट करण्याचा कायदा झाला आणि पुढच्या वर्षी मालगुजारी गेली. मालगुजारांबद्दल मला काडीची माया नाही, वेठबिगारीच्या गोष्टी आमच्या घरातही सांगतात. पण तलाव सरकारजमा झाले तेव्हा दरवर्षी पाळीवर माती घालणं, पाट मोकळे करणं, पाणी वाटणं, हे जे गाव मिळून करत होतं, त्याला धनी उरला नाही. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे विभागाकडे. मासे संस्थेकडे, पाळ एकाकडे, पेटा दुसऱ्याकडे, आणि आतल्या वनस्पतीकडे कोणीच नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो. खोलीकरणाला माझा विरोध आहे का? नाही. गाळ भरला तर काढावा लागतो. आपले पूर्वजही काढत होते आणि बांधीत टाकत होते. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही कल्पना वाईट नाही. २०२२ मध्ये अमृत सरोवर आलं, प्रत्येक जिल्ह्यात पंचाहत्तर, तेही वाईट नाही. वाईट आहे ती काम करण्याची तऱ्हा. जेसीबी काठापासून काठापर्यंत सरसकट खरवडतो. वरच्या थरात त्या वनस्पतींचे कंद असतात, बिया असतात, म्हणजे तलावाचे पऱ्हे त्याच थरात असतात. तो थर ट्रॉलीत भरून गेला की पुढच्या पावसात पाणी येतं पण उगवायला काही शिल्लक नसतं. मग पहिली कोण येते? ज्यांना कोणी लावावं लागत नाही ती. बेशरम आणि जलपर्णी.

दुसरं, तलावाचा काठ उथळ असावा लागतो. गुडघाभर, मांडीभर पाण्याचा पट्टा. तिथेच वनस्पती उगवते, तिथेच मासोळी अंडी देते, तिथेच बगळा उभा राहू शकतो. सारस घ्या. त्याला उथळ पाणी, देवधान, उंच गवत लागतं. गोंदियात तो अजून दिसतो, आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातून तर जवळपास संपलाच. आणि आपण काय करतो? काठ सरळ कापतो, बशीची बादली करतो, वरून दगडाचं पिचिंग, त्यावर पेव्हर ब्लॉक, त्यावर बाक, आणि बाकावर सौजन्याची पाटी.

यामागे कोणाचा मोठा कट आहे असं मला वाटत नाही. कारण साधं आहे. अंदाजपत्रकात घनमीटर लिहिता येतात. इतके घनमीटर गाळ, इतके मीटर पिचिंग, एमबी भरली, बिल निघालं. एमबीत कुमुदिनी लिहिता येत नाही. बारा बायांनी चार दिवस पाण्यात उभं राहून लावलेली रोपं कोणत्या दरसूचीत बसवणार? जे मोजता येत नाही त्याचं बिल निघत नाही, आणि ज्याचं बिल निघत नाही ते काम आपल्या देशात कामच नसतं.

हे मला कसं कळलं ते ऐका. दोन वर्षांपूर्वी आम्ही चूक सुधारायला घेतली. तलावाचा एक कोपरा निवडला, साधारण अर्ध्या एकराचा, येव्याकडचा. उन्हाळ्यात बेशरम खणून काढली, वाळवली, जाळली. पाणी भरल्यावर एका शेतकऱ्याच्या बोडीतून रोपं आणली, त्यानं फुकट दिली. मावशी आणि तिच्या सोबतच्या अकरा बायांनी लावली. आम्ही पोरांनी घमेली वाहिली आणि जाळी ठोकली, बाकी आमच्याच्यानं काही होत नव्हतं. एक जण सरळ ओळीत लावू पाहत होता तर मावशी म्हणे, "फौज उभी करून राह्यला का?" पौषात त्या कोपऱ्यातलं पाणी तळ दिसेल इतकं निवळ होतं. बाकी तलाव चहाच्या रंगाचा. पाळीवर उभं राहून कोणालाही दाखवा, शाळेतलं पोरगंही सांगेल की रोवणी कुठे झाली.

गेल्या उन्हाळ्यात तलावाचं काम मंजूर झालं. मशीन आली. आम्ही सांगितलं, हा कोपरा सोडा, बाकी खोल करा, आम्हीही मदत करतो. चालक बिचारा ऐकायला तयार होता. पण कामावरचे साहेब म्हणाले, "झुडपे व गवत काढणे" ही बाब कामात आहे. ती पूर्ण नाही दाखवली तर आक्षेप निघतो. दीड तासात अर्धा एकर साफ. आम्ही लावलेलं गवत आमच्यासमोर गवत म्हणून काढलं आणि त्याचं बिल निघालं.

मावशी त्या दिवशी आली नाही. नंतर भेटली तेव्हा एवढंच म्हणाली, "दरसाल धानाले पानी दगा देते, मंग का रोवनी सोडतो का आपन?"

आता नेहमीचे आक्षेप. "तलाव सिंचनासाठी आहे, माशा-पाखरांसाठी नाही." भाऊ, येव्याच्या तोंडाशी गवत असलं तर वरून येणारा गाळ तिथेच अडतो, मधल्या पेट्यात जात नाही. म्हणजे तुमचं सिंचन जास्त वर्षं टिकतं. लाटेनं पाळ खचते तिथेही हेच. गवत काढून पिचिंग करायचं म्हणजे फुकटचं काढून विकतचं लावणं.

"मासे तर संस्था सोडतेच." सोडते, आणि इथे मला आपल्याच मच्छीमार भावांशी भांडायचं आहे. रोहू, कटला, मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी देत नाहीत. दरवर्षी बोटुकली विकत आणावी लागते. त्यासोबत गवत्या आणि सायप्रिनस येतात. गवत्याचं नावच सांगतं तो काय खातो. सायप्रिनस तळ उकरतो आणि पाणी गढूळ करतो. तुम्ही वनस्पती लावणार आणि वरून गवत्या सोडणार, म्हणजे पऱ्ह्यात बकऱ्या सोडण्यासारखं झालं. रोहू-कटल्याला माझा विरोध नाही, त्यावर घरं चालतात. पण संस्थेचं उत्पन्न सभासदांच्या हिशोबात जातं, आणि झिंगे, मासोळी, ढेस, शिंगाडा यांचे पैसे बाईच्या पदरात पडतात. पहिलं टिकवायला दुसरं मारायची गरज नाही, फक्त गवत्या आणि सायप्रिनस सोडणं बंद करा. गोंदियाच्या संस्थांना हे पटवायला वेळ लागला असेल, आपल्याला दुप्पट लागेल, पण बोलायला तर सुरुवात करा.

"पण मग कुंपण घाला, गुरं बंद करा, माणसं बंद करा." हे शहरातले निसर्गप्रेमी मित्र म्हणतात, आणि जंगल जिल्ह्यात राहिल्यामुळे आपल्याला ही भाषा पाठ आहे. त्यांनी भरतपूर आठवावं. केवलादेवमध्ये १९८२ साली म्हशी बंद केल्या. मग पाणगवत इतकं माजलं की बदकांना पोहायला उघडं पाणी उरलं नाही. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या अभ्यासातूनच दिसलं की म्हशीचं चरणं त्या पाणथळीला लागत होतं. आपले तलाव तर माणसानंच बांधलेले. माणूस काढून घेतला की तलाव वाचत नाही, फक्त दुसऱ्याच्या ताब्यात जातो. लावलेल्या कोपऱ्याला पहिली दोन पावसाळे जाळी पुरते, नंतर गुरं येऊ द्या.

चंद्रपूर शहरातल्या मित्रांसाठी एक वेगळं सांगतो. तुमच्याकडे श्रमदानाची ताकद आहे हे सगळ्या देशानं पाहिलं. बंडू धोतरे आणि इको-प्रोच्या पोरांनी २०१७ पासून गोंडकालीन किल्ल्याचा परकोट साफ केला, पंतप्रधानांनी "मन की बात"मध्ये नाव घेतलं. २०२१ च्या फेब्रुवारीत रामाळा तलावासाठी धोतरे अन्नत्याग करून बसले. त्या माणसाबद्दल मला आदरच आहे, आणि तो बसला नसता तर रामाळ्याकडे कोणी वळून पाहिलं नसतं. पण किल्ला आणि तलाव यांत फरक आहे. किल्ल्यावरचं झुडूप काढलं की दगड मोकळा होतो आणि काम झालं. तलावातली इकॉर्निया काढली की काम सुरू होतं. नाल्याचं सांडपाणी थांबत नाही आणि रिकाम्या पाण्यात दुसरं काही लावत नाही, तोवर ती परत येणारच, कारण आपण तिच्यासाठी खत घातलेली रिकामी बांधी तयार ठेवतो. रामाळ्याच्या एका काठावर तरी देशी वनस्पतींची रोवणी करून पाहा. रोपं आम्ही देतो.

कायद्याचं थोडं. २०१७ चे पाणथळ जागांचे नियम वाचा. त्यात पाणथळीची जी व्याख्या आहे तिच्यातूनच सिंचनासाठी बांधलेले मानवनिर्मित तलाव वगळले आहेत, आणि धानाची शेतंही. म्हणजे आपला सगळा मुलूखच वगळला. तीनशे वर्षांचा तलाव, कमळ, बदकं, सगळं असून कागदावर ती पाणथळ नाही, ते फक्त बांधकाम. म्हणून वरून कोणी वाचवायला येईल ही आशा सोडा.

पण खालून हक्क आहे, आणि तो आपण वापरत नाही. वनहक्क कायदा २००६, कलम ३(१)(घ): पाणवठ्यातले मासे आणि इतर उत्पादनं यांवर सामूहिक हक्क. बांबू-तेंदूसाठी आपण हा कायदा वापरला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखानं २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून देशाला दाखवून दिलं. पण दाव्यात तलावाची ओळ कितीजणांनी लिहिली? आणि धानोरा, कोरची, एटापल्ली, भामरागड हे अनुसूचित क्षेत्र आहे. १९९६ च्या पेसा कायद्यात लहान जलसाठ्यांचं नियोजन आणि व्यवस्थापन योग्य पातळीच्या पंचायतीकडे द्यावं असं स्पष्ट लिहिलं आहे. तिथल्या ग्रामसभांनी ठराव केला तर साहेबांना "ही बाब कामात आहे" म्हणताना दोनदा विचार करावा लागेल. आमच्या ब्रह्मपुरीकडे पेसा नाही. पण ग्रामसभा आहे, आणि तलावाच्या कामाचं अंदाजपत्रक ग्रामसभेत मागायचा हक्क आहे. काम सुरू व्हायच्या आधी मागायचा. नारळ फुटल्यावर मागून उपयोग नाही, आम्ही करून पाहिलं.

आम्ही यंदा १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत जो ठराव ठेवणार आहोत तो इथे टाकतो, ज्यांना पाहिजे त्यांनी उचलावा, नाव आमचं नको. तलावाच्या पेट्यातला येव्याकडचा आणि दोन्ही बाजूंचा उथळ पट्टा मशीननं खरवडायचा नाही. गाळ मधून काढायचा. बेशरम आणि जलपर्णी मुळासकट काढायची, आणि ती मोजताना ढीवर समाजाची दोन माणसं हजर पाहिजेत, म्हणजे झुडूप कोणतं आणि पीक कोणतं हे तेच सांगतील. देशी वनस्पतींची रोवणी ही कामाची स्वतंत्र बाब धरायची आणि लावणाऱ्या बायांना रोजगार हमीच्या मजुरीनं पैसे द्यायचे. गवत्या आणि सायप्रिनसची बोटुकली सोडायची नाही. एवढंच. यात कोणाच्या पोटावर पाय येत नाही, फक्त थोडे घनमीटर कमी होतात.

मजुरीचा मुद्दा मी मुद्दाम घातला आहे. आम्ही पोरं श्रमदान करतो ते रविवारी, हौसेनं, आणि घरी जाऊन पोस्ट टाकतो. त्या बाया एक दिवस तलावात उतरल्या की त्या दिवसाची दुसऱ्याच्या बांधीतली मजुरी बुडते. गेल्या वेळी आम्ही त्यांना चहा-पोहे दिले आणि सत्काराची साडी दिली. आज लिहिताना लाज वाटते. ज्याला सगळं येतं त्याला साडी, आणि ज्याला फक्त खरवडता येतं त्याला तासाचं भाडं.

सध्या रोपं एका बोडीत टिकून आहेत. उन्हाळ्यानं पाणी पार तळाला गेलं आहे, पण मालकानं मोटर लावली नाही, आमच्यासाठी थांबला आहे. मृग बरसला, तलावात मांडीभर पाणी आलं की श्रावणाच्या सुरुवातीला उपटून आणू. धानाची रोवणी आटोपल्याशिवाय बाया मोकळ्या होणार नाहीत, म्हणून तारीख त्या ठरवतील, आम्ही नाही. ज्यांना यायचं आहे त्यांनी कमेंटमध्ये गाव लिहा. येताना घमेलं आणा, जुनी साडी किंवा पोतं आणा रोपं झाकायला, आणि अर्ध्या एकराला पुरेल एवढी जाळी कोणाकडे पडून असेल तर सांगा, आमची गेल्या उन्हाळ्यात मशीनखाली गेली.